आराम पडला

इंदू, आधी भांडून घेते. रडायचं ते मागून पाहू.

काल तुझी तेरवी झाली. वडे, कढी, भात, सगळं रीतसर. भाऊजी पंक्तीतून फिरत होते आणि नको म्हणणाऱ्याच्याही पानात वडा टाकत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. लोक जेवले, तुझ्याबद्दल चांगलं बोलले, सुपारी तोंडात टाकून गेले. चांगलंच बोलणार म्हणा. गेलेल्या माणसाशी भांडायची आपल्यात रीत नाही. पण तुझं-माझं रीतीनं चाललं होतं कधी? एका भिंतीच्या दोन बाजूंना आपण आयुष्य काढलं, आणि त्यातलं निम्मं भांडण्यात. मग आताच काहून मी तोंड शिवून बसू?

तू मला दोनदा फसवलंस. एकदा आपल्या हवालदाराच्या वेळी आणि आता स्वतःच्या वेळी. दोन्ही वेळा शब्द तोच वापरलास. परगावचा माणूस त्या शब्दानं फसला नसता. मी फसले, कारण मी इथली.

हवालदार आला तेव्हा आपल्या ले-आउटमध्ये घरं मोजकी होती आणि मधल्या रिकाम्या प्लॉटांवर नुसतं गवत. हे गेल्यावर मी लेकीला घेऊन या घरात आले, मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि कुणी दारात आलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. तुझ्याकडे भाऊजींचं इतवारीतलं धान्याचं दुकान, कळमेश्वरचं संत्र्याचं वावर, सदा आल्यागेल्याचा राबता. आपलं बोलणं भिंतीवरून कढीपत्ता मागण्यापुरतं. मग एका उन्हाळ्यात, तुझ्या न्हाणीचं पाणी भिंतीतल्या ज्या भोकातून माझ्या केळीला यायचं, त्या भोकातून एक पिल्लू डोकं काढून बसलं. तांबूस अंग, काळं तोंड, आणि जगाची फिकीर नाही. मी विचारलं, तुमचं आहे का? तू म्हणालीस, मला वाटलं तुमचंच आहे. त्याला हाकलून द्यायचं असं आपण दोघींनी ठरवलं आणि दोघींनी एकमेकींना चोरून त्याला दूध पाजलं.

नाव तू ठेवलंस. थोडा मोठा झाल्यावर दिवेलागणीला तो आधी तुझं फाटक हुंगायचा, मग भोकातून येऊन माझं. कडी नीट लागलेली नसली की भुंकून उठवायचा. हा तर गस्तीवरचा हवालदार, असं तू म्हणालीस आणि ते नाव त्याला चिकटलं. टपालवाल्यालाही ते ठाऊक झालं होतं.

शेवटची पोळी कुत्र्याची, हे तुझ्या घरीही आणि माझ्या घरीही. पण तुला वाटायचं की मास्तरीण शाळेच्या घाईत विसरते, आणि मला वाटायचं की तुझ्याकडे एवढ्या गोतावळ्यात त्याला कोण विचारतं. तो तुझी तुपाची पोळी खाऊन यायचा आणि माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर असा चेहरा करून बसायचा की मीच पापी. शेवटी व्हायचं ते झालं. एक दिवस तो त्या भोकात अडकला. तोंड तुझ्याकडे आणि शेपूट माझ्याकडे. तू तिकडून ओढलंस, मी इकडून लोटलं, शेवटी भाऊजींनी दोन विटा काढल्या तेव्हा गडी सुटला. त्या विटा पुन्हा कधी लागल्या नाहीत.

मग ढोरांच्या दवाखान्यात गेलो, आठवतं? सायकल-रिक्षात आपण दोघी आणि मधोमध तो, साहेबासारखा. रांगेत म्हशी, बकऱ्या, एक बैल, आणि आपलं हे ध्यान. डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, ये किसका कुत्ता है? आपण दोघी एकदम म्हणालो, माझा. मग त्यांनी विचारलं, इसको इतना खिलाता कौन है? तेव्हा मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. तू तर चक्क भिंतीवरचं गाईचं चित्र पाहत बसलीस.

आणि तो कांदा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला की तू भाऊजींच्या खिशात कांदा टाकायचीस, माझ्या पर्समध्ये कांदा, आणि फडक्यात बांधून हवालदाराच्या गळ्यातही कांदा. लू लागू नये म्हणून. त्यानं एकदा तो फडक्यासकट चावून खाल्ला आणि दोन दिवस मलूल पडला. डॉक्टर म्हणाले, कांदा कुत्र्याला वाईट असतो, रक्त बिघडतं. मी घरी येऊन तुला सुनावलं. तू पदर खोचून म्हणालीस, की कांदा बांधायचा असतो, खायचा नसतो, कुत्रा मूर्ख निघाला त्यात कांद्याचा काय दोष? आणि तुमच्या डॉक्टरला नागपूरचं ऊन माहीत तरी आहे काय? ते भांडण अजून मिटलेलं नाही. डॉक्टर बरोबर होते, हे मी आताही सांगते. आता तरी ऐकून घे.

थंडीत वावरातून संत्री यायची. तू सोलायचीस आणि तो एकेक फोड घेऊन, बिया बाजूला टाकून, शांतपणे खायचा. मग उन्हात त्याला आडवा पाडून आपण गोचिड काढायचो. घासलेटाचा डबा मधे, एक कान तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे. गोचिडाचा ताप त्याला एकदा येऊन गेला होता, तेव्हापासून आपण दोघी भ्यायलेल्या. तुझं पहिलं मूल गेलं, ते मला तू असं गोचिड काढताना सांगितलंस. हे गेले त्या दिवशी दवाखान्यात काय काय झालं, ते मीही तुलाच सांगितलं, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. मान खाली आणि बोटं त्याच्या केसांत, म्हणून बोलता आलं. तो पडल्या पडल्या ऐकायचा आणि मधूनच सुस्कारा टाकायचा. त्या दुपारींमुळे मी धरून चालले होते की हिच्या-माझ्यात झाकलेलं काही नाही.

तो म्हातारा झाला. आधी नुसतं पाणी पीत सुटला. मग खाल्लेलं टिकेना, अंगावरची कातडी सैल पडली, तोंडाला वास येऊ लागला. डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं गेली, आता फार काही होण्यासारखं नाही, सुई देऊन मोकळं करा बिचाऱ्याला. मी म्हटलं, मुळीच नाही. माझ्या हातून तो भाताची पेज घेत होता. चमच्यानं का होईना, घेत होता. परतताना रिक्षात तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. मग म्हणालीस, "तो सहन करून राहिला वं, मास्तरीण. तुले दिसत नाही काय?" मी तुला तडकून बोलले. म्हटलं, तो जाईल तेव्हा आपल्या पायानं जाईल, मी बसेन त्याच्याजवळ, सुईबिई काही नाही.

त्याच दिवसांत पुण्याहून बोलावणं आलं. लेकीचं दुसरं बाळंतपण, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलेलं. मला जाणं भाग होतं. घराची किल्ली तुझ्या हातात दिली आणि तुझा तो हात धरून हवालदाराच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, काही झालं तर मला कळव, मी मिळेल त्या गाडीनं येते. आणि सुई नाही. तू हात काढला नाहीस. हो वं, तू जाय निश्चिंत, म्हणालीस. मी निश्चिंत गेले नाही, पण गेले.

मग तुझा ट्रंक कॉल. भाऊजींच्या दुकानातून, व्याह्यांच्या शेजाऱ्यांकडे. बाळ झालं होतं, मी ओल्या केसांना पंचा गुंडाळतच धावले. तुझा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. मी ओरडले, हवालदार कसा आहे? आणि तू तिकडून म्हणालीस,

"आराम पडला वं त्याले."

आता मला सांग, नागपुरात जन्मलेल्या बाईनं याचा अर्थ काय घ्यावा? ताप उतरला की आपण म्हणतो आराम पडला. पोटदुखी थांबली, आराम पडला. दवाखान्यातून घरी आणलं, आता आराम आहे. लहानपणापासून हेच ऐकलं, हेच बोलले. मी तिथल्या तिथे हात जोडले. आमच्या विहीणबाईंना सांगितलं, आमच्या कुत्र्याला आराम पडला. त्या पक्क्या पुण्याच्या. त्यांनी विचारलं, म्हणजे निजला का? मी पोट धरून हसले. त्यांना समजावून सांगितलं की अहो, आमच्याकडे आराम पडला म्हणजे बरा झाला. बाळाच्या पेढ्यांत मी हवालदाराचेही पेढे मिसळले. त्या भरवशावर मी पुण्यात आणखी राहिले, त्याच्यासाठी चामड्याचा चांगला पट्टा घेतला. कुणाला हसले होते मी, इंदू? त्या बाईला बरोबर कळलं होतं.

स्टेशनवरून आले. रिक्षा थांबली. मी फाटकातून हाक मारली. रिक्षाचा आवाज आला की भोकातून आधी काळं तोंड यायचं. आलं नाही. तू आलीस. तू पदराला हात पुसत आलीस आणि माझ्या हातातल्या पट्ट्याकडे पाहिलंस, आणि मला कळलं.

मी विचारलं, कधी? तू सांगितलंस, तुला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी, वावरात बांधाशी पुरला. मी विचारलं, सुई? तू मान डोलावलीस. मी म्हटलं, तू खोटं बोललीस माझ्याशी. तुझे डोळे भरले होते, पण तू माझ्याकडे सरळ पाहून म्हणालीस, "मी खोटं नाही बोलली. त्याले आराम पडलाच."

तो अख्खा उन्हाळा मी तुझ्याशी बोलले नाही. तू भिंतीवर लोणच्याची बरणी ठेवलीस, मी उचलली नाही. तिला मुंग्या लागल्या, तू ती नेलीस आणि दुसरी ठेवलीस. माझं निळं पातळ, निजताना नेसायचं ते धुवून धुवून मऊ झालेलं नागपुरी, खुंटीवर दिसत नव्हतं. ते विचारायलाही मी तुझ्या दारात आले नाही. पुढे पावसाळ्यात मला टायफॉइड झाला आणि तू विचारल्याशिवाय आत आलीस, अंथरूण बदललंस, मुगाचं पाणी घोटाघोटानं पाजलंस. बरी झाल्यावर मी एकदा सहज म्हणाले की ते निळं पातळ सापडत नाही. तू म्हणालीस, मी नाही पाहिलं. आपलं भांडण संपलं नाही, नुसतं बोलणं सुरू झालं. त्या दिवशी काय झालं ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. एवढ्या वर्षांत दुसरं सगळं बोललो.

मग वावरातून तू राणीला आणलंस. मी म्हटलं, माझ्यापुढे आता कुत्र्याचं नाव काढू नको. तू म्हणालीस, तुझ्यासाठी कोण आणून राहिलं, माझी आहे. महिन्याभरात ती भोकातून माझ्या उंबऱ्यावर बसायला लागली. तूच शिकवलं असणार तिला.

गेल्या दिवाळीपासून तू वाळत चालली होतीस. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मी विचारलं की म्हणायचीस, साखर कमी केली. भाऊजींबरोबर धंतोलीत, त्या मोठ्या दवाखान्यांच्या वस्तीत, जायचीस, ते म्हणे गुडघ्यांसाठी. गुडघ्यांचं एवढं काय असतं गं धंतोलीत? पण मी मानलं. तू कधी दुखण्याचं नाटक करणारी नव्हतीस, न दुखण्याचं करशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. मधे दवाखान्यात तू चार दिवस राहून आलीस. मी डबा घेऊन आले तर तू उशाला टेकून बसली होतीस आणि राणीला कुणी गोचिडाची पावडर लावली की नाही, याची चौकशी करत होतीस.

आणि पुन्हा पुणं. लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत. मी म्हटलं, तुझी तब्येत अशी, मी जात नाही. तू फाटकाशी उभी होतीस, राणी तुझ्या पायाशी. चेहरा पिवळा पडला होता, मी तो पाहिला होता, आंधळी नाही मी. तरी तू म्हणालीस, "जाय तू. मले आता आराम हाय."

मी तुला दोनदा विचारलं, खरं? तू म्हणालीस, आराम हाय म्हटलं ना. आणि मी गेले. एकदा त्या शब्दानं पोळलेली बाई, तोच शब्द पुन्हा घेऊन गाडीत बसले. पुण्याला विहीणबाईंनी विचारलं, तुमच्या मैत्रिणीचं कसं आहे, तर मी म्हटलं, आता आराम आहे तिला. त्यांना मागचं आठवत होतं. म्हणाल्या, आराम म्हणजे बरं, हो ना? मी म्हटलं, हो.

परत आले तर तुझा दहावा आटोपला होता. राणी माझ्या बंद दाराशी पडलेली, उठली नाही. भाऊजी तुमच्या ओट्यावर बसले होते. त्यांचं भादरलेलं डोकं दिसलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी त्यांच्यावर ओरडले. बिचाऱ्यांवर, त्यांच्याच ओट्यावर. तार करता आली नाही? फोन आहे ना घरात? ते नुसते म्हणाले, तिनं शपथ घातली होती. डॉक्टरांनी होळीलाच सांगितलं होतं म्हणे. भाऊजींना माहीत, तुझ्या भावाला माहीत, दूधवाल्यालाही असेल. भिंतीपलीकडे मीच तेवढी परकी.

संध्याकाळी भाऊजी भिंतीशी आले. तू गेलीस तरी ते भिंतीशीच येऊन बोलले, माझ्या फाटकातून आले नाहीत. म्हणाले, तुमच्यावर तिचा राग नव्हता, सुमनबाई, तसं मनात आणू नका. मी विचारलं, मग काहून? तर ते म्हणाले की तू म्हणत होतीस, सुमन आली तर सोडणार नाही, मुंबईला नेईल, सुया लावेल, नळ्या लावेल, आणि माझ्यानं तिचं मन मोडणं होत नाही. आणि मग, न विचारता, त्यांनी ते सांगितलं.

"त्या दिवशी तिनं तुमचं निळं पातळ नेसलं होतं," ते म्हणाले. "हवालदार गेला त्या दिवशी."

मी गेल्यावर तो तुझ्या हातची पेज घेईना. सरपटत भोकातून माझ्या बंद दाराशी जायचा आणि तिथे कण्हत पडायचा. तू उचलून आणायचीस, तो पुन्हा जायचा. मग तू डॉक्टरांना घरी बोलावलंस. पण सुई पाहून तो गुरगुरला, म्हातारा, अंगात जीव नसलेला, तरी तुला धरू देईना. तेव्हा तू माझ्या घराचं कुलूप काढलंस. खुंटीवरचं माझं निजतानाचं पातळ नेसलंस आणि माझ्या दाराशी मांडी घालून बसलीस. त्यानं पदर हुंगला. शेपूट हलवलं आणि तुझ्या मांडीवर डोकं टाकलं. भाऊजी म्हणाले, त्याले वाटलं, तुम्ही आल्या. त्याच पातळात गुंडाळून पुरलात त्याला.

तेव्हापासून मला धड जेवण जात नाही, इंदू.

माझं पातळ नेसून तू माझ्या जागी बसलीस. त्यानं मी समजून डोळे मिटले. म्हणजे तो माझ्या मांडीवर गेला, माझ्या हातून गेला, आणि मी तिकडे पेढे वाटत होते. मला न विचारता तू माझ्या हातून ते करवलंस. तो एकटा गेला नाही, भीत भीत गेला नाही, यासाठी तुझे पाय धरावेत की झिंज्या, तेच मला उमजत नाही. दोन्ही धरायला तू पाहिजे होतीस.

तू ठरवलंस की सुमनला सोडता येत नाही. अगं, ह्यांच्या उशाशी मी बसले होते, ते तुला माहीत होतं, गोचिड काढता काढता मी सांगितलं होतं. मग माझ्यासाठी तू काय ठरवणार? मला सोडता आलं असतं का, असं विचारशील तर सांगते. नसतं आलं. मी तुला मुंबईला ओढत नेलं असतं, डॉक्टरांशी भांडले असते, तुझ्या तोंडात चमच्यानं पेज घातली असती. तू वैतागली असतीस. पण ते वैतागणं माझ्या वाट्याचं होतं. तुझ्यापाशी शेवटपर्यंत हट्ट करायचा हक्क मी एवढ्या वर्षांत कमावला होता आणि तू तो एका शब्दात बुडवलास.

आणि मी निघताना फाटकाशी माझा चेहरा पाहिलास, तेव्हा तुला काय वाटलं गं? आता ही पुन्हा भेटणार नाही, असं मनात आलं ना? मग तसं पाहिलं तरी असतंस माझ्याकडे. तू तर सांगत होतीस की पुण्याहून येताना राणीसाठी पट्टा आण, मागच्या वेळेस आणला होता तसा. तो जुना पट्टा मी कधीच फेकला नव्हता, तुला ठाऊक होतं. मी नवा आणला. राणीच्या गळ्यात आता तोच आहे.

भाऊजींनी राणीला माझ्याकडेच ठेवा म्हटलं. ती कोणाकडे राहते ते तीच ठरवते, पण निजते माझ्याकडे. कानात गोचिड झाले आहेत. एकटीनं काढता येत नाहीत, एक कान धरला की ती दुसरीकडे मान फिरवते. शेवटची पोळी मी तिला देते. तुझ्या घरी आता भाऊजी स्वतः पोळ्या लाटतात, वाकड्या, आणि तेही तिला शेवटची देतात, मला न सांगता. मी पाहिलं. बोलले नाही काही. होऊ दे लठ्ठ.

आता शेवटचं सांगते, मग तुझ्याशी बोलत नाही.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे फोन वाजला. भाऊजींनी मला भिंतीवरून हाक मारली, पुण्याचा आहे म्हणाले. विहीणबाई होत्या. मी सुखरूप पोचले की नाही, ते विचारत होत्या. लाइन खराब होती, दोघी ओरडत होतो. तुझा चष्मा फोनशेजारी तसाच ठेवलेला. भाऊजी दाराशी उभे, भादरलेलं डोकं घेऊन. पोचले म्हटलं. मग त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं, नवी भाषा शिकलेल्या माणसाला असतं तसं, "आणि तुमच्या इंदूताई? पडला का त्यांना आराम?"

मी तोंड उघडलं, इंदू. खरं सांगायलाच उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य मी एकदा बोलले की ते खरंच होऊन बसणार होतं, आणि भाऊजी ऐकत होते.

"पडला," मी म्हटलं. "आराम पडला तिला."

बरं झालं हो, त्या म्हणाल्या. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि फोन कटला. पुण्याला मी अजून खरं कळवलेलं नाही. पत्र लिहायला घेते आणि पेन टोपणात घालते. तू मागून हसत असशील, की पहा, मास्तरीणही तेच बोलली. मी तुला माफ केलेलं नाही, हे ध्यानात ठेव. पण निरोप आला आहे तर तो पोचवलाच पाहिजे, म्हणून एवढं बसून लिहिलं.

इंदू वं, विहीणबाईंनी तुले नमस्कार सांगितला आहे.